गावागणिक एक चूक

आमची सून माधुरी घरी काळा मसाला करून ऑनलाइन विकते. पार्सल बांधायची वेळ झाली की ती माझ्या हातात मोबाइल देते आणि मी चित्रण करतो. आधी रिकामा खोका सगळ्या बाजूंनी दाखवायचा, मग भरलेली बरणी, मग काट्यावरचं वजन, मग चिकटपट्टी, शेवटी पत्ता. बरणी रिकामीच आली अशी एका बाईंनी तक्रार केली, तेव्हापासून हा शिरस्ता पडला. त्याच बाईंनी पुन्हा मसाला मागवला आणि पुन्हा तीच तक्रार केली, तेव्हा माधुरीने त्यांना चित्रण पाठवून दिलं. त्यात मी एकदा खोकलो होतो. बाईंनी बरणीची तक्रार मागे घेतली आणि खोकल्याची केली. आता मी श्वास रोखून चित्रण करतो.

मागे असंच एक पार्सल बांधताना माधुरीने विचारलं, "बाबा, तुमच्या वेळी मोबाइल नव्हते. गिऱ्हाईक उलटलं तर तुम्ही काय करायचात?"

मी मोठ्या ऐटीत तिला माझी युक्ती सांगितली. तीस वर्षांत कोणाला सांगितली नव्हती. ऐकताना ती आधी पोट धरून हसली. मग हळूहळू हसायची थांबली आणि म्हणाली, "हे मुळे सरांना कधी सांगितलंत?"

मी म्हणालो, "पट्टी लाव. चित्रण चालू आहे."

लातूरला बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत माझं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. दारावर पाटी होती, 'अचूक टंकलेखन'. अर्ज, करारपत्रं, लग्नपत्रिकांचे मसुदे, सगळं आम्ही टाइप करायचो. शेजारीच सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. मेणकागदावर टाइप करायचं, तो यंत्राच्या रुळावर चढवायचा, शाई लावायची आणि हँडल फिरवायचं, की प्रती बाहेर पडत. दिवसभर हँडल फिरवून माझा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झाला होता. सदऱ्याची उजवी बाही शिंप्याला सैल शिवावी लागे.

त्या काळात लातुरात बारावीच्या अभ्यासाला नुकता ऊत येऊ लागला होता. खेड्यापाड्यांतून मुलं येत, खोल्या घेऊन राहत, पहाटेपासून शिकवण्या. ज्यांना येणं जमत नसे त्यांचे वडील आमच्यासारख्यांना पत्रं लिहीत, की लातूरला जे शिकवतात ते कागदावर पाठवा. मुळे सर आमच्या गल्लीतच राहत. कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. अतिशय सरळ माणूस. फळ्यावरचं अक्षर पुसतानासुद्धा हळू पुसत. त्यांनी जीवशास्त्राचा एक प्रश्नसंच लिहिला, मी तो टाइप केला, आणि मुखपृष्ठावर सरांचं नाव घालून आम्ही तो व्ही.पी.ने पाठवायला लागलो.

नव्या वाचकांसाठी व्ही.पी. म्हणजे काय ते सांगतो. पार्सल पोस्टात द्यायचं. पोस्टमन ते गिऱ्हाइकाच्या दारात नेणार, पैसे घेणार आणि मगच पार्सल हातात देणार. पैसे आम्हाला मनीऑर्डरने येणार. गिऱ्हाइकाने नाकारलं तर पार्सल परत आमच्याकडे, आणि टपालखर्च आमच्या डोक्यावर. म्हणजे पाठवणाऱ्याने आधी जोखीम घ्यायची आणि मग पोस्टमनची वाट बघत बसायचं. आजच्या ऑनलाइनमध्येही हेच आहे, फक्त वाट बघायला हातात यंत्र दिलं आहे.

पहिला धडा मला भूकंपाने दिला. किल्लारीकडे होत्याचं नव्हतं झालं होतं. देशभरातून मदतीचे ट्रक लातूरला येत. कपडे, बिस्किटं, औषधं वाटून झाली की मागे उरत ते उत्तम, दणकट पुठ्ठ्याचे खोके. रद्दीवाल्याकडे त्यांचा ढीग लागला. मी त्यातले बरेच उचलले आणि पहिले संच त्यांतून पाठवले. आठवड्याभरात उमरीचं पार्सल परत आलं. सोबत तिथल्या एका वकीलसाहेबांचं पत्र होतं. 'आपल्या खोक्यावर, भूकंपग्रस्त बांधवांस सप्रेम भेट, विक्रीसाठी नाही, असे ठळक अक्षरांत छापले आहे. तरी पोस्टमन पैसे मागतो. हा काय प्रकार आहे? शिवाय मी भूकंपग्रस्त नाही.'

मला शरम वाटली. ती किती दिवस टिकली विचाराल, तर दोन. मग मी खोके उलगडून, आतली बाजू बाहेर करून पुन्हा चिकटवायला लागलो.

दुसरा धडा सरांमुळे मिळाला. संचाबरोबर एक हमीपत्र द्यायचं असा त्यांचा हट्ट होता. संच पसंत न पडल्यास परत पाठवा, दुसरा संच किंवा पैसे परत. मी म्हणालो, "सर, लोक नागवतील." सर म्हणाले, "विद्यार्थ्याचा बाप आहे मनोहर, दरोडेखोर नाही."

बाप कसे असतात ते मला महिन्याभरात कळलं. संच जायचा आणि पंधरा दिवसांनी परत यायचा. कारण, छपाई पुसट आहे. पण पानं हाताळून मऊ झालेली असत, आणि पिनांच्या शेजारी आणखी दोन बारीक भोकं असत. म्हणजे पिना काढल्या, पानं झेरॉक्सवर टाकली, पुन्हा पिना मारल्या आणि पाठवून दिलं. अशी झेरॉक्स मग अहमदपूरच्या बसस्थानकावर शेंगदाण्याच्या पुड्यांशेजारी विकायला बसायची. मी एकदोघांना भोकांबद्दल लिहिलं. एकाने उत्तर पाठवलं, 'घरात वाळवी आहे.' वाळवी जोडीने आणि बरोबर पाऊण इंचावर भोकं पाडते हे मला तोवर माहीत नव्हतं.

तेव्हा मला ती युक्ती सुचली.

संचाच्या शेवटी उत्तरांचं एक पान असे. मी ठरवलं, हे पान दर गावासाठी वेगळं टाइप करायचं आणि दर गावाच्या पानात एक उत्तर मुद्दाम चुकीचं टाकायचं. चोरून काढलेली प्रत कुठेही सापडली की उत्तरांचं पान बघायचं. चुकीवरून गाव कळणार, गावावरून गिऱ्हाईक. माणसाच्या मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या जोड्या बारा असतात. जळकोटच्या पानात मी दहा केल्या. पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या एकतीस जोड्या अहमदपूरसाठी तीस झाल्या. उजवं मूत्रपिंड डाव्यापेक्षा थोडं खाली असतं. उमरीसाठी मी ते वर चढवलं. असे एकोणीस गावांसाठी एकोणीस बदल. चूक अगदी खरी वाटावी म्हणून मी मेहनत घ्यायचो. बेडकाच्या चेता दहाच असतात, हे मी सरांच्याच पुस्तकात बघून ठेवलं होतं. सगळं एका वहीत लिहिलं, आणि वहीवर नाव घातलं 'पत्ते', म्हणजे कोणी उघडू नये.

सरांना मी काही सांगितलं नाही. मनाला समजावलं, की असले किरकोळ प्रश्न परीक्षेत कोण विचारतं.

सापळा लागला, तोही लवकर. अहमदपूरच्या बसस्थानकावर मी एक झेरॉक्स संच विकत घेतला, तिथेच बाकावर बसून शेवटचं पान उघडलं, आणि उजवं मूत्रपिंड वर होतं. उमरी. तिथे तोवर एकच संच गेला होता, उलट्या खोक्यातून, पुन्हा मागवणाऱ्या वकीलसाहेबांकडे. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या अनोळखी माणसाला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी दोन गाड्या बदलून उमरी गाठली. वकीलसाहेबांनी मला बसवलं, पाणी दिलं, दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून वाचली.

"वा," ते म्हणाले. "दिमाग हाय तुम्हाला. आता कोर्टात जायचं म्हणता?"

"जाणार."

"जा की. मीच तुमचं वकीलपत्र घेतो. न्यायाधीश विचारतील, ही चूक कशी झाली? तुम्ही काय सांगणार?"

"ओळखीची खूण म्हणून मुद्दाम केली."

"म्हणजे पैसे घेऊन लेकरांना खोटं शिकवलं. आन् मी काय केलं? तेच खोटं कमी पैशात दिलं." त्यांनी पानं माझ्याकडे सरकवली. "खामखा फजिती करून घेऊ नका, मनोहरराव. चहा घेता?"

चहा घेतला. शहाण्या माणसाने त्या दिवशी घरी येऊन वही चुलीत घातली असती. मी घातली नाही. इतके मेणकागद टाइप करून ठेवले होते, ते वाया जातील असं वाटलं.

मग आले जळकोटचे सूर्यवंशी गुरुजी.

गुरुजी प्राथमिक शाळेत होते आणि त्यांची मुलगी सुनीता बारावीला. त्यांनी संच मागवला, पैसे भरून सोडवला, आणि आठच दिवसांत परत पाठवला. चिठ्ठी होती, 'उत्तर चुकीचे आहे. दुसरा संच द्यावा.' मी भोकं तपासली. नव्हती. तरी मला वाटलं, हा फार सराईत दिसतो, हाताने उतरवून घेतला असणार. हमी दिली होती म्हणून हाताशी होता तो संच पाठवला. तो अहमदपूरच्या गठ्ठ्यातला होता. आठ दिवसांत तोही परत. 'आता पहिले उत्तर बरोबर आहे, पण दुसरे चुकले. कृपया बरोबर संच द्यावा.' मी वैतागून उमरीच्या गठ्ठ्यातला पाठवला. माझ्या हिशेबाच्या वहीत कटकट्या गिऱ्हाइकांची एक यादी असे. तिच्यात मी गुरुजींना वकीलसाहेबांच्याही वर चढवलं.

तिसऱ्या वेळी संच पोस्टाने आला नाही. गुरुजी स्वतःच आले. माझ्याकडे नाही, मुखपृष्ठावर नाव वाचून थेट मुळे सरांच्या घरी. परत आलेले पहिले दोन संच माझ्याकडे होते. तिन्ही शेजारी ठेवून बघायचे म्हणून सरांनी मला ते घेऊन बोलावलं.

गुरुजी सतरंजीच्या कडेला बसले होते, पिशवी मांडीवर. "सर, मी साधा मास्तर. मला जीवशास्त्र कळत न्हाई. लेक पुस्तकाशी ताडून राहिली तवा तिला दिसलं. पहिल्या संचात डोक्यातल्या चेता दहा. दुसऱ्यात त्या बारा झाल्या, तर पाठीतली एक जोडी गेली. तिसऱ्यात पाठ नीट झाली तर मूत्रपिंडं खालवर. मला एवढंच सांगा, माणसाचं आंग दर पार्सलला बदलतं का?"

मला हसू येत होतं. सर हसले नाहीत. त्यांनी तिन्ही पानं दोनदा वाचली. मग माझ्याकडे बघून, जवळजवळ आशेने म्हणाले, "मनोहर, टायपिंगची चूक असेल का?"

एवढा सोपा रस्ता सरांनी स्वतः माझ्यासाठी उघडून दिला होता. मी फक्त हो म्हणायचं होतं. पण दारावर 'अचूक टंकलेखन'ची पाटी होती, आणि लातूरभर माझा धंदा त्या दोन शब्दांवर चालत होता. मी म्हणालो, "सर, मी कागदावर असेल तसंच टाइप करतो. तुम्ही मध्ये दोनतीनदा दुरुस्त करून नवा कागद दिला होता ना."

ते खरं होतं. सर सतत दुरुस्त्या करत. ते म्हणाले, "माझं हस्तलिखित आण."

हस्तलिखित माझ्या कपाटात होतं, त्यात चेता बारा होत्या. मी म्हणालो, "ते भूकंपात माळ्यावरून पडलं, सर. वरून पाणी गळलं. सगळं भिजलं."

त्या वर्षी लातुरात कशालाही भूकंपाचं कारण चालायचं. हरवलेली पावती, उशिरा शिवलेला सदरा, न भरलेला अर्ज. किल्लारीला माणसं गेली होती आणि मी त्याच्या आडोशाने एक खोटं खपवलं. खोके निदान उलटे तरी केले होते.

सरांनी तिन्ही पानं एकावर एक नीट रचली. मग गुरुजींना हात जोडून म्हणाले, "एक नीट करताना दुसरं बिघडवलं मी. वय झालं वाटतं. तुमच्या मुलीला माझा नमस्कार सांगा." त्यांनी पैसे परत देऊ केले. गुरुजी म्हणाले, "पैसे नको, सर. बरोबर संच पायजे." आणि तिन्ही संच तिथेच ठेवून गेले.

तेव्हा सर छप्पन्न वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी एक ओळही छापायला दिली नाही. एक नवा क्लास निघत होता, त्याच्या पाटीवर सरांचं नाव लावायचं जवळजवळ ठरलं होतं. सरांनी नकार कळवला. वर्गात साधी बेरीज लिहिली तरी ते मुलांना विचारत, "बरोबर आहे ना?" जळकोटची गोष्ट गावोगाव झाली. पुढे तो क्लास तीन मजल्यांचा झाला, शेजारी आणखी उभे राहिले, आणि नव्या मुलांना जुनी मुलं सांगत, मुळे सरांच्या नोट्स घेऊ नका, त्यात चुका असतात. निवृत्तीनंतर सर मुलाकडे नांदेडला गेले. मी दुसऱ्या कोणाचे तरी संच काढले, मग संगणक आला, मग मी दुकान बंद केलं. माझ्या चुकांपायी कोणा मुलाचा एखादा गुण गेला असेल का, ते मला ठाऊक नाही. परीक्षेचे निकाल लागले की मी महिनाभर पेपर वाचत नसे.

तर माधुरीच्या प्रश्नानंतर पंधरा दिवसांनी मी 'पत्ते' नावाची वही पिशवीत घातली, ते न भिजलेलं हस्तलिखित घातलं, आणि नांदेडची गाडी धरली.

सर सत्त्याऐंशीचे आहेत. गॅलरीत खुर्चीवर बसले होते. कानाला यंत्र आहे, पण त्यांना सगळं ऐकू यावं म्हणून मी सगळं दोनदा सांगितलं. अशी गोष्ट दोनदा सांगणं सोपं नसतं. दुसऱ्या वेळी तर खालच्या मजल्यावरच्या बाई बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

सरांनी पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच. "म्हणजे मी बाराच लिहिल्या होत्या?"

"बाराच."

त्यांनी हस्तलिखित मागितलं, पान उघडलं, भिंग धरलं. मग आत वळून सुनेला हाक मारली. "शैला, जरा ये गं. हे वाच. किती लिहिलंय?"

शैलाताई पिठाच्या हातांनी आल्या. "बारा, बाबा."

"बारा," सर म्हणाले, आणि खुर्चीत मागे टेकले.

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हाताने थांबवलं. "ते नंतर. वही दे आधी."

त्यांनी पलंगाखालची ट्रंक काढायला लावली. गुरुजींचे तिन्ही संच तिच्यात होते. तीस वर्षं ठेवले होते. लाल पेन आलं आणि तपासणी सुरू झाली. मी वहीतून एकेक चूक वाचायची, सरांनी ती हस्तलिखिताशी ताडायची आणि त्यातल्या एका संचाच्या शेवटच्या पानावर त्या उत्तराशी बारीक खूण करायची, चुकलेलं असेल तर दुरुस्त करायचं. अधूनमधून ते पुटपुटत, "ही चांगली टाकलीस. ही मला सुद्धा कळली नसती." एकोणीस झाल्या. मला वाटलं, संपलं. पण सर एव्हाना रंगात आले होते. त्यांनी पूर्ण संच पहिल्यापासून वाचायला घेतला. जेवणं झाली, चहा झाला. मग त्यांचं भिंग एका ओळीवर थांबलं.

"गांडुळाच्या अंगावरचा जाड पट्टा. तेराव्या ते पंधराव्या खंडावर. ही कोणत्या गावाची?"

मी वही पुढून मागून चाळली. नव्हती. हस्तलिखित बघितलं. त्यातही सरांच्याच अक्षरात तेरा ते पंधरा होतं.

"चौदा ते सोळा पाहिजे," सर म्हणाले. "ही माझी."

मी म्हणालो, "सर, एकोणीस माझ्या आहेतच. मी हे सगळं छापून कबूल करणार आहे, विसावीही माझ्याच नावावर घेतो. कोणाला कळणार?"

सरांनी भिंग खाली ठेवलं. त्या दिवसात ते पहिल्यांदाच माझ्यावर रागावले. "चूक दुसऱ्याच्या नावावर लिहायची तुझी सवय अजून गेली नाही, मनोहर. छापशील तर नीट छाप. एकोणीस तुझ्या, एक माझी."

म्हणून इथे छापतो. मुळे सरांच्या जीवशास्त्र प्रश्नसंचातल्या एकोणीस चुका सरांच्या नव्हत्या. त्या मी जाणूनबुजून टाकल्या. गांडुळाची तेवढी त्यांची.

निघताना सरांनी तो लाल पेनने दुरुस्त केलेला संच माझ्या हातात दिला. "जळकोटचं गिऱ्हाईक अजून थांबलंय. हमी दिली होती आपण."

गुरुजींचा फोन नंबर अहमदपूरच्या एका ओळखीच्याने मिळवून दिला. मी आधी सगळं कबूल करणारी चिठ्ठी लिहिली, ती संचात घातली. माधुरीने चांगला नवा खोका आणला. या वेळी मी पार्सल बांधलं आणि तिने चित्रण केलं. रिकामा खोका, संच, शेवटचं पान, चिठ्ठी, वजन, पट्टी, पत्ता. मी मनसोक्त खोकलो.

पाचव्या दिवशी गुरुजींचा फोन आला. आवाज तसाच होता, थोडा बारीक झालेला.

"मनोहरराव, पार्सल पोचलं. चिठ्ठी वाचली."

मी म्हणालो, "गुरुजी, माझं चुकलं."

"ते दिसलं. सरांना सांगा, अक्षर वळखलं मी त्यांचं." मग पानं उलटल्याचा आवाज आला. "सुनीता उदगीरला डॉक्टर हाय. रविवारी येऊन राहिली. तिला तपासू द्या आधी. बरोबर निघाला तर ठेवून घेतो, न्हाई तर परत पाठवतो."

रविवार परवा आहे. सरांचा नांदेडहून सकाळपासून दोनदा फोन आला, काही कळलं का म्हणून.